कॅमेऱ्यावर टाकलेला पंचा

सिस्टर, नमस्कार. मी नऊ वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. आई-बाबा साखरप्याजवळ आमच्या गावी असतात. बाबा ७४ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, आता पंपिंग ३० टक्के आहे. जोडीला बिडीने लागलेला जुना दमा, डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. गेल्या वर्षात दोनदा रात्रीच्या रात्री आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागलं. दुसऱ्या वेळेपासून घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. इथे माझ्या घरमालकांना असाच आजार आहे. त्यांचं वजन-बीपी घरबसल्या दवाखान्यात पोचतं आणि काही बिघडलं तर तिकडून फोन येतो. म्हटलं, आपणही करू. ब्लूटूथवालं बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, घड्याळ पाठवलं, पडवीत आणि बाबांच्या खोलीत कॅमेरे बसवले. आई दिवसातून सहा वेळा आकडे ग्रुपवर टाकते. मी रात्री उठून बघतो. ऑक्सिजन ९० दिसला की फोन करतो, मग आई मशीन वाढवते. गेल्या महिन्यात बाबांनी खोलीतल्या कॅमेऱ्यावर पंचा टाकला आणि घड्याळ खुंटीला अडकवलं. आई म्हणते, तुझे आकडे तूच सांभाळ. माझं काय चुकतंय? याहून चांगलं एखादं मशीन आहे का?
– एक मुलगा



बाबा रे, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले. ते पंच्याचं नव्हे, 'मग आई मशीन वाढवते' हे. पंच्याकडे नंतर येते. आधी हे वाक्य, कारण माझं उत्तर तू आज वाचशील की रविवारी, मला माहीत नाही. निदान एवढं तरी आज वाच.

आईला आत्ता फोन कर आणि विचार, ऑक्सिजनच्या मशीनवर जी उभी नळी आहे, तिच्यातली छोटी गोळी कितीच्या रेघेवर आहे? डॉक्टरांनी १ किंवा २ लिटर लिहून दिलं असेल आणि गोळी ४-५ वर तरंगत असेल, तर ती लिहून दिलेल्या आकड्यावर आणायला सांग आणि लगेच त्यांच्या डॉक्टरांशी बोल. बाबा नेहमीपेक्षा जास्त झोपाळलेले, गुंगीत, असंबद्ध बोलणारे वाटत असतील तर वाट बघू नका, तडक दवाखाना.

कारण सांगते. तुझ्या-माझ्यासारख्याचा ऑक्सिजन ९७-९८ असतो, म्हणून ९० बघून तुझ्या पोटात गोळा येतो. पण जुन्या सीओपीडीच्या पेशंटमध्ये, विशेषतः ज्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठायची भीती असते त्यांच्यात, डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा छान ९७ दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. माणूस शांत झोपलाय असं घरच्यांना वाटतं. ती झोप नसते. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही, त्यामुळे तुझ्या फोनवर सगळं हिरवंगार दिसत असतं. म्हणजे बघ, ज्या आकड्याला घाबरून तू फोन करत होतास, तो कदाचित बाबांचा बरोबर आकडा होता. 'कदाचित' म्हणते, कारण त्यांचा नेमका पल्ला त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण तो तू कधी विचारलेला दिसत नाहीस. पत्रात मशीनची नावं चार आहेत, डॉक्टरांनी काय सांगितलं याची ओळ एकही नाही.

आता तुझ्या घरमालकांकडे येऊ, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे.

तू त्यांच्या घरात काटा बघितलास, बीपीचं मशीन बघितलंस. त्या मशीनच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते तुला दिसलं नाही, दिसण्यासारखं नव्हतंच. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २०१३ पासून हृदय कमजोर झालेल्या १,५७१ रुग्णांवर याचा मोठा अभ्यास केला, तो २०१८ साली छापून आला. रुग्ण रोज घरी वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन मोजायचे आणि 'आज कसं वाटतंय' याला १ ते ५ मधला एक आकडा द्यायचे. हे सगळं एका केंद्रात जायचं. तिथे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेल्या असायच्या. रुग्णाची फाइल त्यांच्यापुढे असायची, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी त्या बोलायच्या, गोळी बदलायच्या, शिवाय महिन्यातून एकदा नुसतीच विचारपूस करायच्या. ज्यांच्यावर अशी नजर होती त्यांचे वर्षातले सरासरी १७.८ दिवस हृदयाच्या अचानक अ‍ॅडमिशनमध्ये किंवा मृत्यूपायी गेले, बाकीच्यांचे २४.२. मृत्यूही कमी झाले. त्यावरूनच डिसेंबर २०२० मध्ये जर्मनीने ठराविक निकषांत बसणाऱ्या रुग्णांसाठी ही सोय सार्वजनिक विम्यात घेतली. तुझे घरमालक बहुधा तिचाच लाभ घेत असतील.

आता दुसरी बाजू ऐक. अमेरिकेत २०१० साली असाच एक अभ्यास छापून आला, १,६५३ रुग्णांचा. तिथे रुग्णाने रोज एका नंबरवर फोन करायचा, पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज, त्याने विचारायचं आणि रुग्णाने बटणं दाबून वजन आणि त्रास सांगायचा. डॉक्टर ते नंतर बघणार. सहा महिन्यांनी काय दिसलं? काही फरक नाही. पुन्हा अ‍ॅडमिट होणारे तेवढेच, दगावणारे तेवढेच. सातातल्या एकाने तर एकदाही फोन केला नाही आणि शेवटी-शेवटी निम्म्याच्या आसपास लोक तो नेमाने वापरत होते. स्कॉटलंडमध्ये सीओपीडीच्या रुग्णांवर केलेला, २०१३ साली आलेला अभ्यासही तेच सांगतो. नेहमीच्या उपचारांना नुसती यंत्रांची जोड देऊन अ‍ॅडमिशन लांबलं नाही.

मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी हृदयाच्या. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे मॉनिटर बारा असायचे आणि रात्री सिस्टर दोन. मॉनिटरने कधी कुणाला वाचवलं नाही. तो ओरडला की धावत जाणारी, आणि कधी न ओरडताही सहा नंबरच्या आजोबांकडे बघून 'यांचं काहीतरी बिनसलंय' म्हणणारी बाई लागते. तुझ्याकडे मॉनिटर आहे, बाई नाही. सकाळी सातला आई आकडा टाकते तेव्हा तुझ्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात अडीच. तो आकडा वाईट असला तर तू काय करणार? आईलाच फोन. म्हणजे काळजी आईकडून निघून जर्मनीला जाते आणि दुप्पट होऊन आईकडेच परत येते. म्हणून ती वैतागली आहे. मी तिच्या जागी असते तर मीही वैतागले असते.

तेव्हा आणखी चांगलं मशीन विचारू नकोस. आहेत, खूप आहेत. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बसवायचा एक छोटा सेन्सर निघाला आहे, तो आतला दाब बाहेर कळवतो. अमेरिकेत ५५० रुग्णांवरच्या अभ्यासात त्याने अ‍ॅडमिशन कमी झाल्याचं २०११ सालीच दिसलं, कारण वजन वाढायच्या कितीतरी आधी दाब चढायला लागतो. पण त्यालाही पलीकडे रोज बघणारी टीम लागतेच, आणि साखरप्याच्या घरात आज अडचण मशीनची नाहीये. एवढं मात्र डॉक्टरांना विचार: बाबांच्या छातीत पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल, तर त्याची माहिती दवाखान्याला दुरून मिळायची सोय त्यात आहे का आणि ती सुरू केली आहे का. पुष्कळदा सोय असते आणि घरी दिलेला डबा खोक्यातच पडून असतो.

तुला पाठवायला हवी होती ती वस्तू तू पाठवलीच नाहीस. वजनाचा काटा.

हसू नकोस. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, इतका सरळ हिशेब आहे. पाय सुजलेले दिसायच्या आधी, धाप लागायच्या आधी, काट्यावर कळतं. पुष्कळदा अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आठवडाभर वजन चढत असतं. त्या दोन रात्री तुम्ही घाट चढलात ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात कुणी वजन केलं असतं तर कदाचित दिवसाउजेडी एका फोनवर आणि जास्तीच्या लघवीच्या गोळीवर भागलं असतं. तुला टोचायला म्हणत नाही. आमच्याही वॉर्डातून घरी जाताना बाराशे रुपयांची औषधं बांधून द्यायचे आणि काटा घ्या म्हणून कुणी सांगायचं नाही.

साधा डिजिटल काटा, शंभर ग्रॅम दाखवणारा. तालुक्याला मिळतो, ब्लूटूथ नको. तो कडक, सपाट जागी ठेवायचा. तुमच्याकडे सारवलेली जमीन असेल तर फरशीच्या तुकड्यावर, आणि तो तुकडा नेहमी तोच. सतरंजीवर ठेवलात तर आकडा रोज वेगळा. बाबांनी सकाळी उठल्यावर परसाकडे जाऊन यावं, लघवी झालेली असावी, चहा घ्यायच्या आधी, रोज तेच कपडे. दाराच्या चौकटीला हात टेकला तरी चालेल का? नाही, टेकलं की वजन कमी दाखवतो. तोल जात असेल तर आईने पाठीमागे नुसतं उभं राहावं.

आणि आकडा ग्रुपवर नाही, कालनिर्णयवर. तुमच्याही स्वयंपाकघरात असणारच, दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख त्याच्यावर आई लिहीतच असेल. त्याच चौकोनात वजन. एका नजरेत महिना दिसतो, ६१.२, ६१.०, ६१.४, ६२.३, ६३.१. असा जिना दिसला की चष्मा नसलेल्यालाही कळतं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं किंवा एका दिवसात किलो-दीड किलोने उसळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, त्रास होत नसला तरी. उलट जुलाब-उलट्यांनी वजन झपाट्याने उतरलं, चक्कर यायला लागली, तरीही फोन, कारण तशात लघवीची गोळी चालू ठेवली तर किडनीला ताप होतो. हल्ली जेवण तुटलेल्या माणसाचं मांस झडतं आणि पाणी भरतं, वजन जागच्या जागी राहतं, म्हणून काटा एकटा पुरत नाही. त्यासाठी आईचे तीन प्रश्न. ते सांगते, पण आधी माझी फजिती.

आमच्या सासूबाई मालवणकडे धाकट्या दिरांकडे असायच्या. हृदयाचाच आजार. मी मुंबईत, वॉर्डाची इन्चार्ज, म्हणजे घरातली शहाणी. रोज सकाळी ड्यूटीला निघताना जाऊबाईंना फोन. ऑक्सिजन किती? ९४. बीपी? एकशेतीस-ऐंशी. छान, ठेवते. असं तीन दिवस. चौथ्या रात्री त्यांना उचलून न्यावं लागलं. मी धावतपळत पोचले तर जाऊबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आई तीन रात्री खाटेवर उश्या रचून बसूनच होत्या. आडव्या झाल्या की जीव घाबरा व्हायचा." मी म्हटलं, अगं मग फोनवर बोलली का नाहीस? तर म्हणाल्या, "तुम्ही आकडे विचारलेत, झोप कुठे विचारलीत?" पुढे त्या बऱ्या होऊन घरी आल्या, चार वर्षं जगल्या. पण ते वाक्य मला आजही वॉर्डातल्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त लक्षात आहे.

तर आईला हे तीन विचार. रात्री किती उश्या घेतल्या, झोपेतून धाप लागून उठून बसले का? परवा न्हाणीघरापर्यंत न थांबता गेले होते, आज मध्ये थांबले का? आणि चपलेचा पट्टा पायात रुतल्याची खूण किती वेळ राहते? सीओपीडीसाठी चौथा जोड, कफ वाढला का, पिवळा-हिरवा झाला का. याला मशीन लागत नाही. तुझी आई पन्नास वर्षं त्या माणसाबरोबर आहे, तिला पडवीतून पावलांचा आवाज ऐकूनही उत्तर देता येईल. तिला तू आकडे वाचणारी करून ठेवलंस, तिला बघता येतं हे विसरलास.

ऑक्सिमीटर टाकून दे असं म्हणत नाही. तो कामाचा आहे, फक्त कसा आणि कधी हे कळायला हवं. गार बोटावर तो खोटं बोलतो. कोकणात पावसाळ्यात पाण्यात हात घालून आलेल्याला ८५ दाखवेल. हात चोळून गरम करायचे, पाच मिनिटं टेकून बसायचं, हात छातीशी स्थिर धरायचा, आकडा एका जागी स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबायचं, आणि शेजारी दिसणारा नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर ऑक्सिजनचाही खरा धरायचा नाही. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जरा जास्त दाखवू शकतो, हेही अभ्यासातून पुढे आलं आहे. म्हणून आकडा बरा आणि माणूस बरा नाही, असं असेल तर माणसावर विश्वास ठेवायचा. दिवसातून दोनदा पुरे, सकाळी आणि संध्याकाळी, आणि त्रास वाटला तर. सहादा कशाला?

बीपी रोज एकदा. वरचा आकडा बाबांच्या बाबतीत शंभरच्या खाली असला तर नवल नाही, हृदयाच्या गोळ्यांनी तो खाली राहतोच. कितीच्या खाली फोन करायचा, ते डॉक्टरांकडून घे. घड्याळ खुंटीवरच राहू दे. त्याच्या धडधडीच्या सूचनांनी अर्धा गाव जागा होतो आणि हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही.

आता कोण कोणाला कळवणार. माझ्या मते सगळा सल्ला इथेच आहे, बाकी तपशील.

पुढच्या तपासणीला आई-बाबांबरोबर तू फोनवर हजर राहा आणि डॉक्टरांकडून एका कागदावर, त्यांच्या हस्ताक्षरात, सही-शिक्क्यासह एवढं लिहून घे: बाबांचं पाणी उतरलेलं, बरं वाटत असतानाचं वजन किती. ते किती वाढलं की फोन करायचा. लघवीची गोळी घरच्या घरी वाढवायची परवानगी आहे का, असेल तर किती आणि किती दिवस. ऑक्सिजन किती लिटर, दिवसातून किती तास आणि आकडा कुठून कुठपर्यंत चालेल. दिवसभरात पाणी किती. आणि फोन कुठल्या नंबरवर, किती वाजेपर्यंत. गोळीचं परवानगीशिवाय स्वतःहून काही करायचं नाही, हेही आईला सांगून ठेव. डॉक्टर फोनवर सल्ला देणार नाहीत अशी शंका असेल तर, आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जुन्या पेशंटला फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देता येतो, पेशंटच्या वतीने घरचं माणूसही बोलू शकतं. फी द्यायची. फुकट फोनवर कंटाळलेल्या डॉक्टरपेक्षा फी घेऊन नीट ऐकणारा बरा. जवळच्या उपकेंद्रात ई-संजीवनी, म्हणजे सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सोय, चालू असेल तर तिथूनही मोठ्या डॉक्टरशी बोलता येतं. वॉर्डात म्हणायचो, नंबर लिहिलेला कागद मशीनपेक्षा महाग.

मग गावातला एक माणूस नेम. चुलतभाऊ, शेजारी, आशाताई, जो कुणी दहा मिनिटांत घरात पोचेल तो. कालनिर्णयवर जिना दिसला की आई त्याला हाक मारेल, तो डॉक्टरांना फोन लावेल आणि मग तुला मेसेज करेल. तुझा नंबर तिसरा. पचायला जड जाईल, पण तू साडेतीन-साडेचार तास मागे आणि सात हजार किलोमीटर लांब आहेस, पहिला नंबर तुला परवडत नाही. तुझं काम वेगळं: फी भरणं, गोळ्या संपायच्या आधी पाठवायची व्यवस्था करणं, आणि रविवारी बाबांशी गप्पा मारणं, ज्यात ऑक्सिजनचा विषय निघणार नाही.

ओठ-नखं निळी पडली, बसूनही वाक्य पुरं बोलता येत नाही, छातीत कळ, खोकल्यातून गुलाबी फेस, शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही झालं तर कागद बाजूला आणि सरळ १०८. गाडी येईपर्यंत बाबांना आडवं करायचं नाही, पाय खाली सोडून बसवायचं.

घरातलं थोडं. कोकणातला पावसाळा म्हणजे दिवे गेले की गेले. पाच लिटरचं ऑक्सिजनचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट खातं, घरचा इन्व्हर्टर त्यापुढे फार काळ टिकत नाही. एक बी टाइप सिलिंडर भरून ठेवा, त्यात जवळपास १,५०० लिटर वायू असतो. दर मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो, पाचने जेमतेम पाच तास. मशीनच्या नळीतली गोळी वर चढवायची नाही याचं हेही एक कारण. डॉक्टरांनी घरचा ऑक्सिजन कायमचा म्हणून दिला असेल तर दिवसातून निदान पंधरा तास लावला तरच त्याचा उपयोग. पाहुणे आले की नळी काढून कोपऱ्यात ढकलतात, असं करू नका म्हणावं. आणि नळी नाकात असताना देवघरात निरांजन लावायला बाबांनी जायचं नाही, चूल पेटवायला तर नाहीच. देव आईच्या हातचा नैवेद्य घेईल. बिडी सुटली आहे ना? लिहिलं नाहीस. विचार.

आणि खाणं. तू डायटिशियनचा तक्ता पाठवला असशीलच, त्यात 'मीठ कमी' लिहिलं असेल आणि आई भाजीत मीठ अर्धं घालत असेल. पण १ जूनला मासेमारी बंद झाली की तुमच्याकडे ताटात काय येतं? सुकट, सुका बांगडा, जोडीला आगळ घातलेली सोलकढी, पापड, लोणचं. आगळात मीठ किती असतं ते करणाऱ्या बाईला विचार. तुझ्या बाबांच्या दोन अ‍ॅडमिशनच्या तारखा काढून बघ बरं, एखादी आषाढ-श्रावणातली निघाली तर मला कळव. सकाळची पेज, कढी, ताक, आमटी हे सगळं पाण्यात मोजायचं असतं, हेही बऱ्याच घरांत ठाऊक नसतं. दीड लिटर पाणी सांगितलं म्हणून बाबा पाणी मोजून पितात आणि वर दोन वाट्या पेज. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी मात्र याहून वाईट. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अंगात पाणी-मीठ धरून ठेवतात. मी असे पेशंट पाहिलेत की ज्यांचं सगळं सुरळीत चाललेलं, वजन का चढलं कळेना, आणि शेवटी उशाखाली चांदीच्या कागदातली गोळी निघाली.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या पत्रात ती आहे. पंपिंग ३० टक्के, सीओपीडी, घरी ऑक्सिजन, वर्षात दोनदा अ‍ॅडमिट. हा आजार बरा होणारा नाही, हे तुला कुणी तोंडावर सांगितलंय का? सांभाळला तर चांगली वर्षं मिळतात, पण वाट उताराची आहे. बाबांना ते माहीत आहे. माझा अनुभव असा की पेशंटला सगळ्यात आधी कळतं आणि तो घरच्यांना जपून गप्प बसतो. या खेपेला गावी जाशील तेव्हा संध्याकाळी पडवीत बसून विचार: पुन्हा रात्री असं झालं तर घाट चढायचा का? व्हेंटिलेटरवर ठेवलेलं चालेल का? कुठे असावंसं वाटतं? त्यांनी विषय टाळला तर ताणू नकोस, दोन दिवसांनी तेच बोलतील. आईसमोर विचारू नको, आधी एकट्याने. मग तिघांनी मिळून डॉक्टरांना सांगा. धाप आणि घाबरेपणा कमी करणारी औषधं असतात, ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसतात, वेदनाशमनाचं काम करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच ओळख करून घेता येते.

आता पंचा. मला तर हसू आलं, माफ कर. आयुष्यभर ज्या माणसाने पडवीत उघड्या अंगाने बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केली, त्याला वयाच्या ७४ व्या वर्षी स्वतःच्या खोलीत खोकताना, लघवीचं भांडं वापरताना, सात हजार किलोमीटरवरून मुलगा बघतोय. त्याने तुला शिवी दिली नाही, वायर उपटली नाही, पंचा टाकला. फार सभ्य माणूस आहे. खोलीतला कॅमेरा काढ. पडवीतल्या कॅमेऱ्याबद्दल त्यांना विचार, आणि ते नको म्हणाले तर तोही. पडायची भीती वाटत असेल तर न्हाणीघरात धरायला दांडी बसव, रात्री जायच्या वाटेवर मंद दिवा लाव, उशाशी पूजेची घंटा ठेव. आईला तीच लवकर ऐकू येईल.

फोन मात्र तूच कर, चुलतभावाकडून निरोप नको. म्हण, बाबा, कॅमेरा काढायला माणूस पाठवतोय. आणि पंचा धुऊन वाळत घालायला सांग, तोवर त्यांना आंघोळीला दुसरा लागेल.